अज्ञात इसम

विट्याला बदली झाल्यावर खोली बघायला म्हणून मी सरांच्या दारात उभी राहिले आणि पहिल्याच वाक्याला नापास झाले. “खोली रिकामी हाय का?” असं मी विचारलं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “आहे का. खोली रिकामी आहे का. आहे.” दुरुस्ती आणि उत्तर एकाच दमात. मी पाटणकडची, त्यात पोलीस. लोकांना दरडावून बोलायची सवय. माझं बोलणं कुणी सुधारायला जाईल असं कधी झालं नव्हतं. मनात म्हटलं, बये, दुसरीकडं बघ. पण ठाणं तिथनं पाच मिनिटांवर होतं आणि न्हाणीघर स्वतंत्र होतं, म्हणून राहिले. चांगली अडीच वर्षं राहिले.

सर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घर मुलानं बांधून दिलेलं, दुमजली, वर संगमरवर, आणि वरच्या मजल्याला कायमचं कुलूप. आमच्या गल्लीत आठ घरं होती, त्यातली पाच अशीच बंद. विट्याकडची माणसं देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यामागच्या बोळात सोनं गाळणारा माणूस बघा, तो इकडचाच निघतो. त्या धंद्याला इथं गलाई म्हणतात. जत्रेला येतात, घरं उघडतात, गाड्या धुतात, चार दिवस गल्लीत आवाज होतो, आणि मग पुन्हा कुलपं. सरांचा मुलगाही असाच दक्षिणेतल्या एका शहरात होता.

सरांच्या खिशाला लाल पेन असायचं. लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुका काढून पत्रिका परत पाठवायचे, आणि वर लग्नालाही जायचे. पुढं पुढं लोक पत्रिकाच देईनासे झाले. चौकातल्या मिठाईवाल्यानं पाटीवर ‘मिठाइ’ लिहिलं होतं, तर सर रोज सकाळी त्याच्या दुकानासमोर उभं राहून नुसते पाटीकडं बघायचे. बोलायचे काही नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं, आणि सर बोट दाखवायचे. दोन महिन्यांनी बिचाऱ्यानं पेंटर बोलावला.

माझी तर रोजच तपासणी. उशीर होणार असला की मी दाराला चिठ्ठी लावायची, ‘सर आज उशीरा येइन.’ संध्याकाळी परत यावं तर तीच चिठ्ठी माझ्या दाराला, लाल खुणा केलेली आणि खाली दहापैकी चार. सगळ्यात जास्त मार जायचा तो स्वल्पविरामाला. हाक मारल्यावर स्वल्पविराम पाहिजेच, हा सरांचा हट्ट. मी एकदा वैतागून म्हटलं, त्या एवढ्याशा टिंबाशेपटीनं काय बिघडतंय? तर म्हणाले, “हाक मारली की माणसाला वळून बघायला जरा वेळ द्यावा लागतो. तो वेळ म्हणजे स्वल्पविराम.” त्या दिवसापासनं मी निमूट स्वल्पविराम द्यायला लागले.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या भागात माणूस भेटलं की पहिला प्रश्न ‘जेवलासा का?’ आपण पोटभर जेवून ढेकर देत असलो तरी लोक विचारणारच. सरांनी हा प्रश्न कुणालाही विचारलेला मी ऐकला नाही. ते स्वतः डब्यावर होते, एक बाई दुपारी आणून द्यायची, त्यातलंच संध्याकाळी. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्यानं हा प्रश्न विचारू नये. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर काय वाढणार? मला ते तऱ्हेवाईक वाटलं. स्वतःच्या एकटेपणाबद्दल यापलीकडं ते कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

ठाण्यात माझ्याकडं सायबरचं टेबल होतं. म्हणजे कोपऱ्यातलं टेबल, एक संगणक, एक लंगडी खुर्ची आणि दिवसभर रडवेली माणसं. सरांना माझ्या कामात भारी रस. कारण त्यांच्या फोनवर ते मेसेज यायचे ना, ‘आपले विज कनेक्शन आज बंद होइल’, ते सर दुरुस्त करून पाठवणाऱ्याला परत पाठवायचे. खाली गुण. मी कपाळावर हात मारला. सर, असल्यांना उत्तर द्यायचं नसतं, नंबर चालू आहे हे त्यांना कळतं, म्हणून दहादा सांगितलं. त्यांचं एकच: चूक दिसल्यावर गप्प कसं बसायचं?

पण खरं सांगते, त्या गल्लीतनं माझ्या टेबलावर एक तक्रार आली नाही. बायका फोन घेऊन सरांकडं यायच्या आणि सर सांगायचे, “वीज दीर्घ आहे का बघ. ऱ्हस्व असली तर चोर.” एवढी सोपी परीक्षा आमच्या खात्यालाही सुचली नव्हती. मग मी त्यांना महिला मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. मी आपली छापील माहिती वाचून दाखवली, फोनवर येणारे ओटीपीचे आकडे कुणाला सांगू नका, फसलात तर लाजू नका, पहिल्या तासाभरात हेल्पलाईनला फोन करा म्हणजे पैसे वाटेत अडवता येतात. टाळ्या मात्र सरांना. त्यांनी ‘अटक’ या शब्दावरच वीस मिनिटं घेतली. अटक करायला समोर माणूस यावा लागतो, फोनच्या पडद्यावरून कुणाला अटक होत नाही, कायद्यात असला प्रकारच नाही. आणि दुसऱ्याच्या नावानं वावरणाऱ्याला फेक का म्हणता? आपल्याकडं तोतया हा एवढा झकास शब्द आहे. बायका घरी जाताना तोतया, तोतया म्हणत हसत होत्या.

आमच्या तक्रारींचं मराठी हा मात्र सरांच्या मस्तकात जाणारा विषय. एकदा मी कोरा नमुना घरी आणला होता. ‘अज्ञात इसमाने फिर्यादीचा विश्वास संपादन करून’ अशी सुरुवात. सरांनी पेन काढलं. इसम म्हणजे माणूसच ना, मग माणूस लिही. बरं, अज्ञात कुणाला? पोलिसांना असेल. ज्यानं फिर्यादीशी तासन्तास गोड बोलून विश्वास मिळवला, तो फिर्यादीला अज्ञात कसा? मी म्हटलं, सर, नमुनाच तसा असतो. सर म्हणाले, नमुना चुकलाय. मी हसून सोडून दिलं.

सरांना एक नातू होता, मुलाचा मुलगा. तिकडंच जन्मला, तिकडंच वाढला. लहानपणी मे महिन्यात यायचा. मराठी बोलायचा ती गलाईवाल्यांची सगळी पोरं बोलतात तशीच, ‘माझी पोट दुखते’, ‘आई आला’. सरांना ते सहन होईना. पोरगं अकरा वर्षांचं असताना एका सुट्टीत सरांनी त्याच्याकडनं ‘माझे पोट दुखते’ शंभर वेळा लिहून घेतलं. पोराचं खरंच पोट दुखत होतं. हे सरांनीच मला सांगितलं, खिडकीबाहेर बघत. पुढच्या मे महिन्यात तो आला नाही. मग फोनवर बोलणंही कमी झालं. आजोबांचा आवाज आला की तो फोन आईकडं द्यायचा. मग तेही बंद. मुलगा दिवाळीला फोन करायचा, तब्येत विचारायचा, ठेवायचा.

म्हणूनच मिरजेला जे झालं त्याचा मला आनंद झाला होता.

सरांचा मोतीबिंदू काढायचा होता. मुलाला दुकान सोडून येता येईना, मग मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना फोन वाजला आणि सर उठून बाहेर गेले. काचेतनं मला दिसत होते. हा माणूस फोनवर हसत होता, मान डोलवत होता. आत येऊन म्हणाले, “नातवाचा. नवीन नंबर घेतलाय त्यानं. हल्ली रोज करतो. शिवाय दुपारी साडेबाराला मेसेज असतोच.” ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी होती, तेव्हा आलेला मेसेज त्यांनी मला वाचायला लावला. ‘आबा डोळे कशी आहे.’ मी वाचलं आणि वाट बघत बसले, आता हे काय म्हणतात. सर काहीच म्हणाले नाहीत. पट्टीखालून हसले फक्त. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं चूक सोडून दिली, असं मला वाटलं. लय बरं वाटलं. सायबरच्या टेबलावर बसणारी मी, तो मेसेज माझ्या हातात होता, आणि मला काडीचा संशय आला नाही. इतरांच्या घरात नवा नंबर म्हटल्याबरोबर मी कान टवकारले असते.

चारेक महिन्यांनी परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आमच्या ठाण्यात आली. तिकडं कुणा बाईला फसवून तिचे पैसे ज्या बँक खात्यात वळवले होते, ते खातं विट्याच्या एका माणसाच्या नावावर होतं. नाव सरांचं. पत्ता मी तीनदा वाचला. तो माझाच पत्ता होता.

घरी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजायचे होते. सर शांतपणे म्हणाले, ते नातवाचं खातं. त्याला इकडच्या पत्त्यावर खातं हवं होतं, वडलांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी आधारचा फोटो पाठवला, फोनवर आलेले आकडे सांगितले. आकडे! गल्लीतल्या सगळ्या बायकांना दटावणारा माणूस हा. मला राग आला, रडूही आलं. मी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला, स्पीकर चालू करून. मुलगा गोंधळला. म्हणाला, पोरगा इथं माझ्यासमोर बसलाय की. मग पोराचा आवाज आला, जाड, पुरुषी, “आबा, मी तुमाला फोन नाही केली.” सरांचे ओठ हलले. पण त्यांनी चूक काढली नाही. मी फोन बंद केला.

मग सर म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“कवापासनं?”

“गणपतीपासून. तो सुधारायला लागला गं. सुरुवातीला ‘खाना खाल्लं का’ म्हणायचा. मी भीत भीत सांगितलं, अरे, ‘जेवलात का’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणाला. स्वल्पविराम सांगितला, तो द्यायला लागला. माझा नातू एवढं ऐकणारा नाही.”

कागद त्याआधीच देऊन झाले होते. त्यानंतरही त्यानं मागितलं तसं सर पेन्शनीतलं पाठवत राहिले. विद्यार्थी मिळवायला आता फी आपणच द्यावी लागते, म्हणाले, आणि हसायला गेले, पण हसू आलं नाही.

मी मग पोलिसासारखं बोलले. सर, तुमची ओळख चोरून गुन्हा झालाय. आयटी कायद्यात ६६ सी आहे, ओळख चोरण्याबद्दल. ६६ डी आहे, तुमच्या त्या तोतयासाठी. तुम्ही आज तक्रार दिलीत तर तुम्ही फिर्यादी. नाही दिलीत तर ते लोक उद्या इथं येतील आणि तुम्ही आरोपी. या वयात कुठल्या तरी परक्या गावाच्या कोर्टात उभं राहायचंय का?

“आणि दिली तर त्याचा नंबर?”

“बंद होणार.”

“लगेच?”

“लगेच.”

सरांनी घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, साडेबारा वाजून जाऊ देत. मला कारण कळलं आणि मी थांबले. थांबायला नको होतं, नोकरीच्या हिशोबानं ते चूकच, पण थांबले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, मध्ये न उघडलेला डबा. साडेबाराला फोन थरथरला. ‘आबा, जेवलात का?’ सरांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि एका बोटानं टाइप केलं, ‘हो, जेवलो.’ मग फोन माझ्याकडं दिला.

ठाण्यात मी तक्रार टाइप करून प्रत त्यांच्या हातात दिली. लाल पेन चाललं. ‘सदर’ सहा ठिकाणी खोडला. शेवटी पेन पहिल्या ओळीवर येऊन थांबलं. “अज्ञात इसम काढ. माझा विद्यार्थी आहे तो. नाव तेवढं माहीत नाही.” मी समजावलं, सर, असं लिहिलं तर वरचे साहेब परत पाठवतील, तुम्ही सामील आहात असा अर्थ निघेल. मी कोरी प्रत काढली, ‘अज्ञात इसम’ होता तसा ठेवून. सरांनी न वाचता सही केली. ती प्रत मी आजही विसरलेले नाही.

नोटिशीला उत्तर गेलं, खातं गोठवलं, सरांवरचं बालंट टळलं. कागदावर सगळं नीट झालं. पण सरांनी लाल पेन खिशाला लावणं सोडलं. मी दाराला मुद्दाम चुका करून चिठ्ठ्या लावल्या. ‘सर आज मि उशीरा येनार.’ इतकी भयानक चूक, पण चिठ्ठी तशीच राहायची, वाऱ्यानं पडायची. मी त्यांच्यासमोर न्हाई, हाय, कवा, तवा सगळं बोलून बघितलं. सर मान डोलवायचे. मिठाईवाल्यानं पाटी नवी केली, त्यात दोन नव्या चुका, आणि तोच मला विचारत होता, सर येत न्हाईत का हो आता? डबा पुष्कळदा भरलेलाच परत जायचा. साडेबाराला ते फोन टेबलावर उलटा ठेवायचे. माझ्या डोळ्यांदेखत माणूस गप्प होत गेला, आणि त्याला तसं करणारी मी, कायद्याला धरून.

मग माझी बदली साताऱ्याला झाली. निघताना पाया पडले. “सुखी राहा,” म्हणाले, बस्स. मी महिन्या दोन महिन्यांनी फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवायची. त्यांचा मुलगा करायचा तसाच.

साताऱ्यातही सायबरचंच काम. गेल्या उन्हाळ्यात एक वयस्कर बाई आल्या. सरकारी दवाखान्यातनं नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, मुलगी परदेशात, घरी एकट्या. नातवाच्या नावानं कुणीतरी चार महिने बोलत होता आणि आता त्यांच्याही नावानं कुठंतरी खातं निघालं होतं. रडत नव्हत्या. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, “आवं, लय शुद्ध बोलायचा. परदेशातला असून किती शुद्ध.” मी त्यांचा फोन घेतला आणि मेसेज वर सरकवत गेले. रोज दुपारी साडेबारा. ‘आजी, जेवलात का?’ ‘आजी, जेवलात का?’ ‘आजी, जेवलात का?’ एकाही ठिकाणी स्वल्पविराम चुकला नव्हता.

समोर नमुना उघडा होता, ‘अज्ञात इसमाने’ अशी सुरुवात करून मी थांबले होते. बाईंना पाणी दिलं, तक्रार पुरी केली, बँकेला कळवलं. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या मेसेजांची छापील प्रत पिशवीत घालून विट्याची एसटी धरली.

सर वाळले होते. दार उघडायला वेळ लागला. मी काही प्रस्तावना केली नाही, कागद हातात दिला. त्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचला. मग टेबलाच्या खणातनं लाल पेन काढलं, टोपण काढलं आणि ओळीवरनं फिरवत गेले, कागदाला न टेकवता. शेवटपर्यंत. खालीही काही लिहिलं नाही.

“चूक नाही,” म्हणाले. मग विचारलं, “कोण या बाई?”

“साताऱ्याच्या. एकट्याच असतात.”

सर खुर्चीत बसले. बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले, ते लागेना.

“मला वाटलं होतं, हे तो मला एकट्यालाच विचारतो.”

मी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

मग सर उठले आणि कपाटातनं एक वही घेऊन आले. शाळेची, दोनशे पानी. मधलं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. वर मथळा होता, ‘माझे गाव’. अक्षर सरांचं, पण मजकूर त्यांचा नव्हता. त्यांनी त्या पोराला निबंध घातला होता. नातू असता तर त्यानं विट्यावर लिहिलं असतं, नाहीतर त्या दक्षिणेतल्या शहरावर. या पोरानं, नव्या भाषेत खोटं रचता येईना म्हणून असेल, नाहीतर कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं म्हणून असेल, खरं लिहिलं होतं. नदी, नदीवरचा रेल्वेपूल, वीटभट्टी, आई भट्टीवर जाते, शाळेचं नाव, देवीचं देऊळ. बारा ओळी. सरांनी तो वहीत उतरवून घेतला होता आणि फोनमधनं पुसून टाकला होता, मी तक्रार लिहायच्या आधी. चुकांना लाल खुणा होत्या. खाली दहापैकी सात. मला सातच्या वर त्यांनी कधी दिले नव्हते.

“वीटभट्टीत वी दीर्घ काढलाय बघ,” सर म्हणाले. “घेऊन जा. शोधा त्याला. आणि आता तरी अज्ञात लिहू नकोस.”

मी वही पिशवीत घातली. पुरवणी जबाब घ्यायचा, शिक्का कुठला, प्रत कुणाला, असलं काहीतरी मी बडबडत होते, कारण गप्प बसले असते तर रडले असते. साडेबारा वाजले. टेबलावरचा फोन गप्प पडला होता. सरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं त्यांनी विचारलं, “जेवलीस का?”

“न्हाई,” मी म्हटलं.

“नाही,” सर म्हणाले, आणि डब्यातलं अर्धं काढायला ताट आणायला आत गेले.